वाडीच्या डोक्यावरचा डोंगर: दरडीचा धोका कसा ओळखायचा आणि वेळेत कसं निघायचं

२२ जुलै २०२१ च्या रात्री पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे या गावांवर डोंगर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात वर्षभरातही एवढा पडत नाही. त्याच दिवशी घाटाखाली महाड तालुक्यातलं तळिये गेलं. त्याआधी ३० जुलै २०१४ ला माळीण गेलं होतं आणि पुढे १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गेली.

या सगळ्या तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत. तोवर डोंगर महिना-दीड महिना भिजलेला असतो आणि त्यावर मग एखादी मोठी झड येते. म्हणूनच पावसाळ्याआधी काय बघायचं आणि पावसात कोणत्या क्षणी घर सोडायचं, हे आधी ठरवता येतं. निघायचा निर्णय उन्हाळ्यात, कोरड्यात, सगळ्यांनी बसून घ्यायचा असतो. पावसात फक्त तो अमलात आणायचा. रात्री अकराला, वीज गेलेली, बाहेर धो धो पाऊस आणि गोठ्यात चार जनावरं, अशा वेळी कुणालाच नीट निर्णय घेता येत नाही.

हा लेख मुख्यतः पाटण, जावळी, महाबळेश्वर, वाई आणि साताऱ्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांसाठी आहे. सांगली जिल्ह्यात शिराळा तालुक्यातल्या चांदोलीकडच्या डोंगराळ गावांनाही तो जसाच्या तसा लागू पडेल.

डोंगर सुटतो कसा

सह्याद्री थरांचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला आणि त्याचा काळा कातळ झाला. दोन कातळांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या, चिकट मातीचा पातळ थर असतो. घाटरस्त्याच्या कापलेल्या भिंतीत तो विटकरी पट्ट्यासारखा दिसतो. महाबळेश्वर, पाचगणी, कास या पठारांवर सगळ्यात वर जांभा आहे. जांभा सच्छिद्र, त्यामुळे पठारावरचं पाणी आत मुरतं, भेगाळलेल्या कातळातून खाली उतरतं आणि तांबड्या थरापाशी अडतं. खाली जाता येत नाही म्हणून ते आडवं वाहतं आणि डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर येतं.

या कातळाच्या अंगावर मुरूम, माती आणि सुटे दगड यांचं आवरण असतं. कुठे काही फुटांचं, कुठे काही मीटर जाडीचं. उन्हाळ्यात ते उताराला घट्ट धरून असतं. पावसाळ्यात पाणी आत शिरलं की त्याचं वजन वाढतं, आणि कातळ व माती यांच्या मध्ये साचलेलं पाणी मातीला आतून उचलू लागतं. वजन वाढतंय आणि पकड सुटतेय, या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. एका मर्यादेनंतर अख्खा उतार निघतो, आणि वाटेत घळ सापडली तर चिखल-दगडांचा लोंढा होऊन गाडीच्या वेगाने खाली येतो.

आपल्या बऱ्याच वाड्या कड्याच्या खाली, डोंगराच्या पायरीवर वसल्या आहेत. तिथे जमीन त्यातल्या त्यात सपाट, माती मऊ आणि पाणी जवळ. पण ही मऊ माती आली कुठून? अनेक ठिकाणी ती जुन्या दरडींनीच आणून टाकलेली असते. वाडवडिलांनी जागा चुकीची निवडली असं मी म्हणणार नाही. शेती करायची तर तीच जागा होती. मात्र शेतात अर्धे गाडलेले, खोलीएवढे धोंडे असतील, तर ते कधीतरी वरून आलेले आहेत हे मान्य करून पुढचं सगळं ठरवावं लागेल.

मे महिन्यात डोंगर चढायचा

एप्रिल-मेमध्ये, गवत वाळलेलं असताना किंवा वणव्यात जळून गेल्यावर, जमीन उघडी दिसते. एक सकाळ काढा. सोबत गुरं राखणारा एखादा जुना माणूस आणि दोन तरुण पोरं घ्या. घराच्या मागून सुरुवात करून थेट पठाराच्या कडेपर्यंत जा, आणि शक्य असेल तर पठारावरही थोडं आत फिरा.

सगळ्यात आधी भेगा शोधा. उतारावर आडव्या, चंद्रकोरीसारख्या वळलेल्या भेगा सगळ्यात वाईट. तिथून खालचा भाग आधीच थोडा सुटलेला आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका, त्यांच्यातलं अंतर टेपने मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. पुढच्या वर्षी, किंवा पावसाळ्यात उघडीप मिळाली की, पुन्हा मोजा. दोन बोटं जरी वाढ दिसली तरी तहसीलदारांना लेखी कळवा, फोटो जोडा आणि अर्जाची पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कागदावर उरत नाही. कोयनेच्या परिसरात ११ डिसेंबर १९६७ च्या मोठ्या भूकंपानंतरही लहान धक्के अधूनमधून बसतातच. त्यामुळे या भागात जाणवण्याजोगा धक्का बसला की या भेगांकडे एक चक्कर मारून यावी.

मग झाडं बघा. सरळ वाढायला हवीत ती झाडं बुंध्याशी वाकून पुन्हा वर वळलेली दिसली, तर तिथली माती वर्षानुवर्षं हळूहळू सरकते आहे. एखादंच झाड वाकडं असेल तर फार अर्थ काढू नका. पण अख्खा पट्टा एकाच दिशेला कललेला असेल तर नोंद करा. विजेचे खांब, कुंपणाचे डांब, शेताचे ताली-बांध यांनाही हीच कसोटी. फुगून पोट आलेला बांध मागून दाब येत असल्याचं सांगतो.

मग पाणी. मे महिन्यातही ओल असलेल्या जागा, झरे, शेवाळ धरलेले दगड हे सगळं एका कच्च्या नकाशावर मांडा. पूर्वी कधी नव्हता तिथे झरा फुटला असेल, किंवा नेहमीचा झरा अचानक बंद झाला असेल, तर डोंगराच्या आत पाण्याने वाट बदलली आहे. हे जुन्या माणसांना लगेच कळतं. त्यांना विचारा.

शेवटी घळी आणि ओढे. प्रत्येक घळीच्या वरच्या टोकाला किती सुटा दगड आणि पालापाचोळा साठलाय ते पाहा. घळ खाली जिथे मोकळी होते तिथे दगड-मातीचा पंख्यासारखा पसरलेला ढीग असतो. त्या पंख्यावर घर असेल तर ते घर यादीत पहिलं.

उताराचा कोनही मोजून घ्या. कंपासपेटीतला अर्धवर्तुळाकार कोनमापक, मध्यबिंदूला दोरा आणि दोऱ्याला छोटं वजन, एवढं साधन पुरतं. मोबाइलवरही कोन दाखवणारी ॲप मिळतात. अंदाजच घ्यायचा तर, आडवं दहा मीटर गेल्यावर सहा मीटर चढ झाला तर उतार सुमारे ३० अंशांचा, आणि दहा मीटर चढ झाला तर ४५ अंशांचा. मातीचं आवरण असलेले साधारण २५ ते ४५ अंशांचे उतार जास्त घातक. त्याहून उभ्या कड्यावर माती टिकतच नाही, तिथून दगड कोसळतात. घराजवळची जमीन सपाट आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. लोंढा पायथ्यापाशी थांबत नाही, सपाटीवरही बराच पुढे जातो.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडप्रवण भागांचे नकाशे तयार केले आहेत आणि ते त्यांच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर बघता येतात. ते जरूर बघा. पण त्यांचं प्रमाण असं की नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. तुमची अख्खी वाडी त्यात एका ठिपक्याएवढी असते. कोणतं घर घळीच्या तोंडावर आहे हे तो नकाशा सांगणार नाही, ते चालूनच कळेल.

काय करायचं, काय अजिबात करायचं नाही

डोंगर बांधून ठेवणं वाडीच्या हातात नाही, पण पाण्याला वाट देणं आहे. घराच्या वरच्या बाजूला, उताराला तिरका, वरचं पाणी अडवून बाजूच्या पक्क्या ओढ्यात नेऊन सोडणारा चर खणा. तो जूनच्या आधी साफ करा. ओढ्यात अडकलेली झाडं, प्लास्टिक, पडलेले दगड काढा. सापडलेल्या भेगा चिकणमातीने ठासून भरा आणि वर ताडपत्री टाकून कडांना दगड ठेवा. पाऊस थेट भेगेत शिरू नये एवढाच यामागचा हेतू. हे कायमचं औषध नव्हे.

घरामागचा उतार यंत्राने उभा कापून जागा वाढवणं आता सर्रास चालतं. गोठा हवा, गाडी लावायला जागा हवी, हे मला समजतं. पण उताराचा पाय कापला की वरच्या मातीचा आधार जातो. कापायचंच असेल तर पायऱ्या-पायऱ्यांनी कापा आणि पाणी निघायला भोकं ठेवलेली भिंत बांधा. रस्त्याचा किंवा प्लॉटिंगचा राडारोडा घळीत ढकलू देऊ नका. पुढच्या पावसात तोच लोंढ्यात सामील होतो.

समतल चरांबद्दल जरा स्पष्ट बोलायला हवं. माण-खटावसारख्या कोरड्या भागात पाणी जिरवणारे हे चर वरदान ठरले आहेत. पण तेच काम पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पावसाच्या पट्ट्यात, वाडीच्या डोक्यावरच्या तीव्र उतारावर करणं धोक्याचं आहे. तिथे पाणी जिरवायचं नसतं, लवकर बाहेर काढायचं असतं. योजना आली आणि निधी आहे म्हणून कुणी वस्तीच्या वर असे चर खणायला निघालं, तर ग्रामसभेत उभं राहून हरकत घ्या आणि ती इतिवृत्तात लिहायला लावा.

लावायचंच तर वाळा लावा. त्याची मुळं दोन-तीन मीटर खोल सरळ जातात आणि वरचा थर बांधून ठेवतात. चराच्या कडेने ओळीत लावलेला वाळा तीन-चार वर्षांत चांगला धरतो. मात्र खोलवरून सुटणारी दरड वाळ्याने थांबत नाही, हेही ध्यानात ठेवा.

पाऊस आपणच मोजायचा

हवामान खात्याचे इशारे बघताना एक गोष्ट लक्षात घ्या. सातारा जिल्ह्याचा इशारा आणि साताऱ्याच्या घाटमाथ्याचा इशारा वेगळा दिला जातो. तुम्हाला घाटाचा बघायचाय. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हालचाल करा. चोवीस तासांत ६४.५ मिमीपासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.५ पासून अत्यंत मुसळधार, अशी खात्याची वर्गवारी आहे. कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वरचे आकडे धरणसाठ्याच्या बातमीसोबत रोज येतात, तेही वहीत उतरवत जा.

तरीही एका डोंगरापलीकडे पाऊस दुप्पट असू शकतो. म्हणून वाडीत स्वतःचं पर्जन्यमापक हवं. दोन लिटरची सरळ बाजूंची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा करून नरसाळ्यासारखा तोंडात बसवा. तळाशी खडे घालून, बाजू सरळ होतात तिथपर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्याची रेघ मारा. वर पट्टी चिकटवा. शून्याच्या वर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. बाटली घरापासून आणि झाडापासून लांब, उघड्यावर, दगडांत घट्ट बसवा. रोज सकाळी साडेआठला मोजा, कारण खात्याची नोंदही तेव्हाच होते. मोठ्या पावसात दर तीन तासांनी मोजून शून्यापर्यंत रिकामी करा, नाहीतर ती भरून वाहील आणि खरा आकडा हातचा जाईल. शाळेतल्या पोरांकडे हे काम द्या. ती मोठ्यांपेक्षा काटेकोर असतात.

किती पाऊस झाला की निघायचं? सगळ्या डोंगरांना लागू पडेल असा एक आकडा नाही. महाबळेश्वरच्या बाजूला शंभर मिमीचा दिवस जुलैत नेहमीचाच, तर जिथे एरवी चाळीस पडतो तिथे शंभर फार झाला. दोन-तीन वर्षं वही ठेवली की तुमच्या वाडीचं नेहमीचं माप कळतं. तोवर माझा ठोकताळा असा: तीन दिवस झड लागलेली आहे, घाटाला ऑरेंज किंवा रेड इशारा आहे, आणि सकाळी साडेआठपासून दुपारी तीनपर्यंत आपल्या बाटलीत शंभर मिमी भरलं, तर त्या रात्री घळीच्या तोंडावरच्या आणि कापलेल्या उताराखालच्या घरांत कुणी झोपायचं नाही. रेड इशारा असेल आणि पावसाला जोर असेल, तर आकड्याची वाट न पाहता निघायचं.

निघण्याचा कागद

जूनच्या पहिल्या आठवड्यात देवळात बसून एक कागद तयार करा. त्यावर पोलीस पाटील, सरपंच आणि प्रत्येक घरातल्या एकाची सही असावी. त्यात हे ठरलेलं हवं: कोणती घरं आधी हलायची, कुठे जायचं, कोणत्या वाटेने, आणि ‘निघा’ हा शब्द कोण उच्चारणार. तो माणूस गावात नसेल तर दुसरा कोण, हेही.

जागा निवडताना शाळा सुरक्षित असेलच असं धरून चालू नका. डोंगर कापून, मैदान सपाट करून बांधलेल्या कितीतरी वाडीशाळा स्वतःच दरडीच्या तोंडाशी आहेत. निवाऱ्याची जागा घळीपासून आणि उताराच्या पायथ्यापासून लांब हवी. वाटेत ओढ्यावरचा साकव लागत असेल तर तो बुडायच्या आत पलीकडे जायला हवं, म्हणजे निघायची वेळ आणखी अलीकडे येते. अंधारात, चिखलात म्हातारी माणसं आणि लेकरं चालवणं हाच एक अपघात ठरू शकतो. म्हणून निर्णय दुपारी तीन-चारला, आणि दिवेलागणीच्या आत सगळे जागेवर.

लोक घर सोडत नाहीत याचं मोठं कारण गुरं. त्याची सोय आधी नसेल तर बाकी कागद वाया गेला असं समजा. खालच्या गावातल्या कुणाच्या गोठ्यात किती जनावरं मावतील हे नावानिशी लिहा. तेवढीही सवड नसेल तर दावी सोडून द्या. गरोदर बाई, अंथरुणाला खिळलेला माणूस, नुकतीच बाळंत झालेली लेक यांना जुलैचे तीन-चार आठवडे खालच्या नातेवाइकांकडे आधीच पाठवणं सगळ्यात उत्तम.

मोठ्या पावसात वीज जाते आणि मग मोबाइलचा टॉवरही बंद पडतो. २०२१ मध्ये रस्ते तुटल्याने पाटणच्या दुर्गम गावांत मदत पोचायलाच वेळ लागला होता. इशारा देवळाच्या घंटेने किंवा हलगीने द्या. ठोके आधी ठरवा आणि एकदा सगळ्यांना ऐकवून सराव करा. एक पिशवी दाराशी तयार ठेवा: टॉर्च, शिट्टी, औषधं, आधार-रेशनकार्ड-सातबाऱ्याच्या प्रती प्लास्टिकमध्ये, थोडी रोकड, कोरडे कपडे, चटणी-भाकरी. फोन चालू असेल तर ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे नंबर लक्षात ठेवा.

चार वेळा निघालात आणि चारही वेळा काही झालं नाही, तर लोक कुरकुर करतील. करू द्या. अशा वेळी ‘निघा’ म्हणणाऱ्या माणसामागे गावाने उभं राहायला हवं, नाहीतर पाचव्या वेळी तो गप्प बसेल.

या खुणा दिसल्या तर तडक निघायचं

ओढ्याचं पाणी एकदम गढूळ, तांबडं झालं. पाऊस चालू असूनही ओढ्याचं पाणी अचानक कमी झालं, म्हणजे वर कुठेतरी दगडमातीने ते अडलंय आणि फुटून येणार. दारं-खिडक्या बसेनाशा झाल्या, जमिनीला किंवा भिंतीला नवी चीर गेली, पाण्याची पाइपलाइन ताणून तुटली. झाडांच्या मुळ्या तुटल्याचे कडकड आवाज, दगड आपटल्याचा आवाज, जमिनीतून येणारी घरघर. यातल्या एकाही खुणेनंतर सामान घ्यायला आत जायचं नाही, आणि ‘बघून येतो’ म्हणून ओढ्याकडे तर मुळीच नाही.

दरड सुटलीच तर तिच्या वाटेवरून आडवं, बाजूला पळा आणि कडेच्या उंचवट्यावर चढा. उताराच्या दिशेने खाली पळालात तर ती गाठतेच. घरात अडकलात तर डोंगराच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत किंवा माडीवर जा. पळायला जागाच उरली नाही तर अंगाची मुटकुळी करून डोकं हातांनी झाका.

घाटातून जाणाऱ्यांसाठी

केळघर, आंबेनळी, पसरणी, कुंभार्ली, यवतेश्वर हे घाट पावसात गजबजलेले असतात. रेड इशाऱ्याच्या दिवशी प्रवास टाळा. जावंच लागलं तर दिवसा जा, कापलेल्या भिंतीखाली किंवा धबधब्याच्या फोटोसाठी गाडी थांबवू नका. रस्त्यावर ताजे दगड, माती किंवा तांबडं पाणी दिसलं तर पुढे न जाता मागे फिरा. पडलेल्या दरडीवरून गाडी काढायचा प्रयत्न करू नका, वरचा भाग अजून सुटायचा असतो.

दरड पडल्यानंतर

पहिल्या लोंढ्यानंतर दुसरा येऊ शकतो. मदतीला धावण्याआधी एक माणूस सुरक्षित उंचीवर उभा करा. त्याने फक्त डोंगराकडे बघायचं आणि हालचाल दिसली की शिट्टी मारायची. घरटी माणसं मोजा, कोण कोणत्या खोलीत झोपत असे हे आठवून लिहा. पथक आल्यावर कुठे खणायचं ते यावरून ठरतं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा तळ पुणे जिल्ह्यात सुदुंबरे इथे आहे. तिथून पाटणच्या टोकाच्या वाडीपर्यंत यायला, त्यात रस्ते बंद असले तर, बरेच तास जातात. तोवर शेजारीच बचाव पथक असतात. मधूनमधून सगळ्यांनी गप्प राहून ढिगाऱ्याखालच्या हाका ऐका. अडकलेल्या माणसाजवळ यंत्र लावू नका, फावडी आणि हातांनी माती काढा. गॅस आणि विजेचं कनेक्शन तोडा.

पाऊस थांबला म्हणून लगेच घरी परतू नका. मुरलेलं पाणी पुढचे काही दिवस उतरत राहतं आणि उघडीप मिळाल्यावरही दरड पडू शकते. भेगेवरच्या खुंट्यांमधलं अंतर मोजा, झऱ्यांचं पाणी पुन्हा स्वच्छ झालंय का बघा आणि तहसील कार्यालयामार्फत भूवैज्ञानिकांच्या पाहणीची लेखी मागणी करा. घर, गोठा, जनावरं, शेत यांचा पंचनामा होईपर्यंत फोटो काढून ठेवा. पंचनाम्यात वाहून गेलेल्या जमिनीचा गट नंबर आणि क्षेत्र नोंदवलं गेलंय का, हे सही करण्याआधी वाचून बघा.